प्रतवारी

गळ्यातली साखळी सरकवताना लागली ती,
मानेखालच्या हाडावर, उजव्या खळग्यात.
डोकं काही म्हणायच्या आधी
बोटांनी म्हटलं: साडेचारशे.

बावीस वर्षं काजूच्या टेबलावर आहे मी.
आकडा जितका लहान, गर तितका मोठा.
एकशे ऐंशी म्हणजे राजा, दुबईच्या डब्यात जातो,
साडेचारशे शिऱ्यात टाकायला.
वेंगुर्ल्यात कुणालाही विचारा,
माझी चिमूट काट्याला खोटं पाडते.

तर साडेचारशे. दाबली तर दुखत नाही.
दुखत नाही म्हणून त्या रात्री शांत झोपले.
मग सून कपडे वाळत घालत होती तेवढ्यात
तिच्या फोनवर वाचलं
की न दुखणारीचीच काळजी जास्त.
तेव्हापासून रोज पहाटे तिची मनधरणी,
आज तरी दुख गो बाय.
एकदा अशी दाबली, अशी दाबली
की दुखलं. माझं बोट.

दहाव्या दिवशी तीनशे वीस.
मग मी मोजणं थांबवलं.

घामाचं म्हणाल तर वैशाखात इथं कोरडं कोण उठतं?
पंखा नुसता गरम वारा इकडचा तिकडे करतो.
पण ह्यांच्या उशीचा अभ्रा सुका
आणि माझ्या अंगाखालची चादर
मी उजाडायच्या आत विहिरीवर नेते.
सांगते, मांजर मुतलं.
त्यावरून मांजराला दोनदा वहाण बसली.

खाज तर कारखान्यात कुणाला नाही?
बी फोडणाऱ्यांच्या हातांना विचारा,
टरफलातलं तेल कातडी सोलून काढतं.
पण मी फोडायला बसत नाही, कित्येक वर्षं झाली.
माझे हात गरासारखे पांढरे.
आणि खाजतात पोटऱ्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
गोदामातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले.
एकोणपन्नास. गणपतीत छप्पन होते.
वासू आरोलकर पोत्यामागून म्हणाला,
"काय गो वयनी, तू पण एक्सपोर्ट होतलंय काय?"
मी हसले.
कारखान्यात सात किलोची तूट आली
तर फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या उघडतात.

टेबलावर आमच्या एक वाटी असते, कडेला.
ज्या गराचं ठरत नाही तो तिच्यात टाकायचा,
पुढचं संध्याकाळी सुपरवायझर बघेल.
तीन आठवडे मी त्या वाटीत पडून आहे.
लोणचं भरून होऊ दे, म्हणते.
सुनेला सातवा सरू दे.
रात्री मात्र सगळे आकडे उलटे मोजते,
तीनशे वीस, दोनशे चाळीस, दोनशे दहा,
आणि एकशे ऐंशीच्या पुढं काय, ते बोटांना माहीत नाही.

आज सुटल्यावर बंदराच्या रस्त्याला
पास्किणीला थांबवलं.
बावीस वर्षं ती माझ्या समोरच्या स्टुलावर.
बोलले काहीच नाही,
पदर सारला नि तिचा हात धरून खळग्यात ठेवला.
तिनं डोळे मिटले,
अवघड गर हातात आला की मिटते तसे.
खाली ट्रॉलरवर बर्फ चढवत होते.
एक लादी गेली, दुसरी गेली.
तिसरी हातातून निसटून धक्क्यावर फुटली.

"दोनशे चाळीस," ती म्हणाली.

म्हटलं, तीनशे वीस असेल, नीट बघ.
तिनं परत बघितलं नाही, हातही काढला नाही.
"दुखता?"
"नाय."
"फाल्या साडेसाताक सावंतवाडीची गाडी असा.
मी येतंय तुझ्यावांगडा.
घरात सांग, नायतर सांगू नको."

दोघींचा आकडा जुळला नाही
की माल तिसऱ्या हातात द्यायचा, हा आमचा नियम.

पिशवीत टॉवेल भरला, पैसे,
आणि पुरुन उरलेल्या काळजीतली थोडी
चुलीपाशी झोपलेल्या मांजराची.
त्याला दूध घातलं,
रोजच्यापेक्षा जरा जास्त.